शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला काय वाचून जाऊ?

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: तासगाव तालुक्यातलं गाव, मेकॅनिकलचा डिप्लोमा ८१ टक्के, पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश, आणि मुलींना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका खासगी ट्रस्टकडून मुलाखतीचं बोलावणं. वडील बेदाण्याच्या शेडवर हंगामी कामाला, एरवी मजुरी. आई शिवणकाम करते. हातात आठवडा आहे. तुझे प्रश्न चार: सामान्य ज्ञानाचं कोणतं पुस्तक वाचू, इंग्रजी कच्चं आहे त्याचं काय करू, घरची परिस्थिती सांगताना रडू येतं, आणि दुसऱ्या सेमिस्टरला केटी लागली होती (एक विषय राहिला होता) ती सांगावी की नको.

मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवलं, मुलींच्या सराव मुलाखती घेतल्या आणि अशाच एका ट्रस्टच्या निवड समितीवर बरीच वर्षं बसले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. तुला 'तू'च म्हणते, माझ्या विद्यार्थिनींना तसंच म्हणायची सवय आहे.

तुझ्या चार प्रश्नांतला पहिला सोडून दे. या मुलाखतीला अभ्यासक्रम असतो आणि तो एकाच कागदावर असतो: तू भरलेला अर्ज. समितीतल्या माणसांच्या हातात तोच असतो. बहुतेकांनी तो तू आत यायच्या पाच मिनिटं आधी चाळलेला असतो आणि ज्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली असेल तिथून ते सुरुवात करतात. राज्याचे राज्यपाल कोण हे विचारणारे सदस्य मी पाहिले आहेत, नाही असं नाही. पण त्या उत्तरावरून कुणाला शिष्यवृत्ती मिळाली किंवा गेली, असं पाहिलेलं नाही. तेव्हा अर्जाची झेरॉक्स काढून ठेवली असशील तर ती काढ. ऑनलाइन भरला असेल तर प्रिंट घे. त्यात काय लिहिलं होतं ते आठवत नसलेल्या मुली दरवर्षी येतात, कारण अर्ज सायबर कॅफेवाल्याने किंवा मोठ्या भावाने भरलेला असतो. 'छंद: वाचन' असं त्यानेच टाकलेलं असतं, आणि शेवटचं काय वाचलं असं विचारल्यावर खोलीत शांतता पसरते.

आता हे सगळं कुठल्या मुलाखतीला लागू, ते सांगायला हवं. सगळ्या शिष्यवृत्त्या एकसारख्या नसतात. जे. एन. टाटा एंडाउमेंटसारखी परदेशी शिक्षणासाठीची कर्ज-शिष्यवृत्ती असेल, तर समोर तुमच्या विषयातला तज्ज्ञ बसतो आणि बोलणं विषयाभोवती फिरतं. (ही योजना १८९२ पासूनची आहे आणि तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे मुलींना सांगायला मला आवडतं.) ऑक्सफर्डला शिकायला नेणाऱ्या रोड्स शिष्यवृत्तीसारख्या ठिकाणी तू जगाकडे कशी बघतेस, नेतृत्व काय केलंस, यावर चर्चा होते. तुझी मुलाखत यातली नाही. पुण्यातलं लीला पूनावाला फाउंडेशन किंवा तशा पद्धतीच्या संस्था मुलींच्या पदवी शिक्षणाला मदत करतात, तिथे गुणवत्ता आणि गरज दोन्ही बघतात आणि पुष्कळदा घरी भेट देऊन खात्रीही करतात. तुझ्या ट्रस्टची नेमकी पद्धत कॉल लेटरमध्ये किंवा त्यांच्या ऑफिसला फोन करून समजेल: मुलाखत किती वेळ चालते, पालकांना आत बोलावतात का, भाषा कोणती. फोन करायला लाजू नकोस. त्यांना असे फोन रोज येतात.

समितीसमोर अडचण काय असते ते समजून घे, म्हणजे प्रश्न का येतात ते कळेल. मुलाखतीपर्यंत पोचलेल्या सगळ्याच मुली हुशार आणि सगळ्याच गरजू असतात. ७९ आणि ८३ टक्क्यांत आम्ही फरक करत नाही. आम्हाला शोधायचं असतं ते हे, की ही मुलगी तीन वर्षं टिकून डिग्री पुरी करेल का, आणि कागदावर जे लिहिलंय ते हिचं स्वतःचं आहे का. दुसरी गोष्ट तपासायचा रस्ता एकच. एका ओळीवरून प्रश्न विचारायचा, आलेल्या उत्तरावर पुढचा, त्यावर आणखी पुढचा. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर पाठ असतं. तिसऱ्याला पाठ केलेलं संपतं. तयारी करायची ती या तिसऱ्या प्रश्नाची.

उदाहरण तुझंच घेते. तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट 'बेदाण्यासाठी सोलर ड्रायर' आहे. हे वाचल्यावर मी काय विचारेन?

'आत तापमान किती मिळालं?' तू म्हणशील, साठ. 'मोजलं कशाने, ट्रेमध्ये कुठे ठेवून, किती वाजता?' इथे निम्म्या मुली 'सरांनी सांगितलं होतं' म्हणतात. प्रोजेक्ट चौघींचा होता, रीडिंग एकीनेच घेतलं, रिपोर्ट दुसरीने लिहिला, हे आम्हाला माहीत असतं. तू काय केलंस तेवढंच सांग. 'वेल्डिंग आणि ट्रेची फ्रेम मी केली, तापमान मैत्रिणीने नोंदवलं' हे उत्तम उत्तर आहे. मग मी फ्रेमबद्दल विचारेन आणि तुला सांगता येईल.

त्यानंतर: 'दहा किलो द्राक्षांतून पाणी किती काढावं लागतं?' हे कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतं, पण तुला काढता आलं पाहिजे. ताज्या द्राक्षात साधारण ८० टक्के पाणी, म्हणजे दहा किलोत दोन किलो घन भाग. बेदाण्यात पाणी १५ टक्क्यांच्या आसपास राहतं, म्हणजे दोन किलो घन भागाचा बेदाणा होईल सुमारे २.३५ किलो. उरलेलं साडेसात किलोच्या वर पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला त्या तापमानाला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात. गुणाकार केलास की अठरा मेगाज्यूलच्या पुढे जातं, म्हणजे वाया जाणारी उष्णता सोडून विजेची पाच युनिटं. तुमच्या काचेचं क्षेत्रफळ किती होतं, तेवढ्यातून ही ऊर्जा किती दिवसांत मिळाली असती? कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. चुकलं तरी हरकत नाही, गणित कसं मांडतेस ते आम्ही बघतो.

आणि मग तो प्रश्न, जो तासगावच्या मुलीलाच विचारता येतो: 'तुमच्याकडे हिरवा बेदाणा सावलीत, शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात. उन्हात रंग तपकिरी पडतो आणि भाव पडतो. मग तुमच्या सोलर ड्रायरने रंगाचं काय केलं?' याचं उत्तर तुझ्या वडिलांकडे आहे. त्यांना विचार. डिपिंग (वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवणं) कसं करतात, किती दिवस लागतात, पाऊस आला तर काय होतं, व्यापारी रंग कसा बघतो. आज संध्याकाळी अर्धा तास वडिलांशी बोलून घेतलंस, तर तुझ्या प्रोजेक्टवर समितीतल्या कुणापेक्षाही तुला जास्त माहिती असेल. तुमच्या ड्रायरमध्ये बेदाणा काळसर झाला असेल तर तसं सांग. पुढच्या वेळी काच झाकून फक्त गरम हवा आत सोडू, हे त्यातूनच सुचतं.

अर्जातल्या प्रत्येक ओळीला असं खाली खोदायचं. एनएसएस लिहिलंय? शिबिर कुठल्या गावात होतं, तिथे तू हाताने काय केलंस? 'वर्गप्रतिनिधी' लिहिलंय? कुठला प्रश्न कुणाकडे नेलास, सुटला का? ज्या ओळीखाली दोन पायऱ्याही उतरता येत नाहीत, ती ओळ आता खोडता येणार नाही. पण विचारलं तर 'फक्त हजेरी लावली होती' असं म्हणता येतं. असं म्हणणारी मुलगी मला आवडते. बाकीच्या ओळींवर मग माझा विश्वास बसतो.

केटीचं. लपवायचा प्रश्नच नाही, मार्कशीट जोडलेली आहे. अप्लाइड मॅथ्समध्ये केटी ही डिप्लोमात नवलाची गोष्ट नाही. विचारतीलच, तेव्हा तीन-चार वाक्यांत संपव: काय झालं, मग काय केलं, कितीने सुटला. आजारपण, घरातलं संकट असेल तर एका वाक्यात सांग. नसेल तर 'इंटिग्रेशन समजलं नव्हतं, पाठ करून गेले' हेही चालतं. खरा प्रश्न पुढचा आहे आणि त्याची तयारी कुणी करत नाही: 'डिग्रीला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर आहे. बारावीहून आलेल्या मुलांनी एम-वन, एम-टू करून घेतलंय. तू थेट तिसऱ्या सेमिस्टरला येतेस. मग?' डिप्लोमातून आलेल्यांची गाडी पहिल्याच सेमिस्टरला इथे अडकते आणि आमच्याकडे शिष्यवृत्ती बंद पडायचं मोठं कारण तेच. यावर 'मी मेहनत करेन' हे उत्तर नव्हे. कॉलेजच्या सिनिअरकडून अभ्यासक्रम मिळव, लाप्लास आणि डिफरेन्शिअल इक्वेशन्सपैकी काय येतं, काय अजिबात येत नाही ते बघ, आणि एक धडा सुरू करून जा. 'लाप्लास सुरू केलंय, पार्शल फ्रॅक्शनला अडते' हे सांगणारी मुलगी टिकेल, असं समितीला वाटतं.

आता पैशाचा भाग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मुली फार गोंधळतात. कुणी फार रडवं बोलतं, कुणी लाजून काहीच सांगत नाही.

पहिला अवघड प्रश्न: 'उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाला साठ हजार आहेत. साठ हजारात चौघांचं घर चालतं कसं?' तहसीलचा दाखला आणि घरातली खरी आवक यात फरक असतो हे समितीला ठाऊक असतं, मजुरीची पावती कुठून येणार? पण मुलगी दाखल्याच्या आकड्याला चिकटून बसली की तिची पंचाईत होते. किराणा, वीज, आजोबांची औषधं, भावाची शाळा अशी बेरीज समोरचा करत जातो आणि ती ऐंशी-नव्वद हजारांवर जाते. म्हणून आईवडिलांसोबत बसून खरा हिशेब मांड. समज, बाबांचे हंगामात जास्त आणि पावसाळ्यात कमी धरून महिन्याला सरासरी नऊ हजार, आईच्या शिलाईचे तीन हजार. मग तेच सांग: 'दाखला साठ हजारांचा आहे, पण मजुरी धरून महिन्याला बारा हजारांच्या आसपास येतात, आणि बागायतदाराकडून घेतलेली उचल त्यातून फिटते.' बहुतेक ट्रस्टची उत्पन्नमर्यादा याच्या कितीतरी वर असते. खरा आकडा सांगून तुझं नुकसान होत नाही. घरी भेट द्यायला आलेल्या कार्यकर्तीला फ्रीज किंवा मोटारसायकल दिसली म्हणूनही काही बिघडत नाही. आधी 'काहीच नाही' सांगितलेलं असेल तर बिघडतं. टीव्हीवर चादर टाकून ठेवलेली घरं कार्यकर्त्यांनी पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न गेल्या काही वर्षांतला आहे: 'सरकारने मुलींची फी माफ केलीय ना? मग आमचे पैसे कशाला?' २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तू त्यात बसतेस का हे आधी बघ, महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज केला आहेस का तेही. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलींनाही भरता येते. ती भरलीस का, हाही प्रश्न येऊ शकतो. भरली असेल तर सांग. काही ट्रस्ट दोन्ही चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि नंतर कळलं तर मिळालेली रक्कम परत मागतात.

फी माफ झाली तरी पुण्यात राहायला काय लागतं, याचा हिशेब तुझ्याकडे हवा. वसतिगृहाचे वर्षाला समज पस्तीस हजार, मेसचे महिना तीन हजार धरून दहा महिन्यांचे तीस, पुस्तकं-जर्नल-ड्रॉइंगचं सामान पाच, पीएमपीचा (शहर बसचा) पास आणि गावी जाणं-येणं सहा. झाले शहात्तर हजार. लॅपटॉप वेगळा, आणि तो का लागतो तेही सांगता यावं: कॅडची लॅब संध्याकाळी बंद होते, असाइनमेंट रात्री करायची असते. यातले आकडे माझे आहेत, तुझ्या कॉलेजचे तू विचारून घे. 'घरून वीस हजार देऊ शकतात, बाकीचे कमी पडतात' असं जिने सांगितलं तिची गरज आम्हाला लगेच कळते. 'परिस्थिती खूप हलाखीची आहे' या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण त्या दिवशी आम्ही ते सकाळपासून ऐकत असतो.

आणि म्हणूनच रडण्याची फार काळजी करू नकोस. डोळ्यांत पाणी आलं तर थांब, पाणी मागून पी, पुढे बोल. त्याचे गुण वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. अनुभव असा आहे की हिशेबावर बोलायला लागलं की रडू आपोआप मागे पडतं. सराव आईसमोर करू नकोस, तिथे दोघींनाही रडू येईल. एखाद्या शिक्षकांसमोर किंवा मैत्रिणीसमोर कर.

इंग्रजी. 'मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम तासगाव, माय फादर इज अ फार्मर' हा पाठ केलेला परिच्छेद नको. त्याच्या शेवटच्या ओळीनंतर काय बोलायचं ते कुणालाच माहीत नसतं. सुरुवातीची तीन-चार साधी इंग्रजी वाक्यं स्वतः लिही आणि त्यानंतर सरळ विचार, 'सर, पुढचं मराठीत सांगितलं तर चालेल का?' महाराष्ट्रातल्या बहुतेक समित्यांमध्ये चालतं. नाही म्हणाले तर तुटक इंग्रजीत, पण मुद्द्याचं बोल. विषयातले शब्द मात्र इंग्रजीतच यायला हवेत, आणि ते तुला येतात, डिप्लोमा इंग्रजीतून दिलायस. दुर्बलता काय, या प्रश्नाला 'मी फार मेहनती आहे हीच माझी दुर्बलता' हे कुणीतरी क्लासमध्ये शिकवतं. ते विसर. इंग्रजीत बोलायला घाबरते, हे तुझं खरं उत्तर आहे. त्यावर काय करतेयस ते एक वाक्य जोड.

दोन प्रश्न असे येतील की त्यांचा राग येऊ शकतो. एक लग्नाचा: 'घरी स्थळं बघतायत का?' माझ्या मते हा प्रश्न विचारूच नये, समितीत मी तसं बोललेही आहे. पण मधेच शिक्षण सुटलेल्या मुली पाहिलेले जुने सदस्य विचारतात. घरी यावर बोलणं झालं असेल तर जे ठरलंय ते एका वाक्यात सांग. बोलणं झालं नसेल तर मुलाखतीच्या आधी करून घे, ते शिष्यवृत्तीखेरीजही उपयोगी पडेल. दुसरा प्रश्न: 'पुढे काय करणार?' स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर समोरचा लगेच म्हणेल, मग मेकॅनिकलची सीट कशाला अडवतेस? एमपीएससी खरंच मनात असेल तर अभियांत्रिकी सेवेचा विचार केलाय का, पाटबंधारे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यात मेकॅनिकलची पदं असतात का, हे शोधून जा. नुसतं सगळे म्हणतात म्हणून म्हणत असशील, तर नको म्हणूस. सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत किंवा चाकणला नोकरी करून धाकट्या भावाचं शिक्षण करायचंय, हे पुरेसं उत्तर आहे. त्यात लाजण्यासारखं काय?

कपड्यांचं विचारलं नाहीस तरी सांगते, कॉलेजला घालतेस तो स्वच्छ पंजाबी ड्रेस पुरे. मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये, अर्जात जोडली त्याच क्रमाने. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा आहे ना, बघून घे. मुलाखत सकाळची असेल तर आदल्या दिवशी पुण्यात ये, रात्रभर एसटीत बसून आलेली मुलगी अकराच्या सुमाराला पेंगते.

शेवटी 'तुला काही विचारायचंय का?' असं विचारतील. 'नो सर, थँक यू' म्हणून उठू नकोस. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहायला किती सीजीपीए लागतो आणि एखादा विषय राहिला तर ती थांबते की पुढच्या निकालापर्यंत वाट बघतात, हे विचार. काही ठिकाणी एका केटीवर पैसे बंद होतात, काही ठिकाणी एक संधी देतात. तुझी पहिली परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येईल आणि तिच्यात एम-थ्री असेल; हा नियम आधी कळला तर कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा ते तुला ऑगस्टपासूनच ठरवता येईल.